उकिरडा ते कचरा : ग्रामीण महाराष्ट्रातील घरगुती टाकाऊ वस्तू, त्यांची मालकी आणि कायदा (१८८९ ते २०२०)

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासाचा विचार करताना जमीन, महसूल, वतने, जातिव्यवस्था, सहकार आणि पाणी या विषयांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने गेलेले दिसते. घरातून रोज बाहेर पडणाऱ्या टाकाऊ वस्तूंचे मात्र तसे नाही. त्या कोठे टाकाव्यात हे कोण ठरवीत असे, टाकल्यानंतर त्यांवर कोणाचा हक्क राही आणि त्या उचलण्याचे काम कोणाच्या वाट्याला येई, हे प्रश्न इतिहासापेक्षा आरोग्य खात्याचे आहेत असे मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वास्तविक गावातील सत्तासंबंध जितके सातबाऱ्यावर उमटतात, तितकेच ते उकिरड्यावरही उमटतात.

‘पूर्वीच्या खेड्यात कचरा नव्हता’ असे विधान अलीकडे वारंवार केले जाते. ते अर्धसत्य आहे. पूर्वीच्या खेड्यात टाकाऊ वस्तूंना मालक होता, एवढाच त्याचा खरा अर्थ. ज्या वस्तूंना मालक नव्हता, त्या विशिष्ट जातींच्या माथी मारल्या जात होत्या. १८८९ पासून झालेल्या कायद्यांनी उकिरड्याला कधी उपद्रव मानले तर कधी संपत्ती. परंतु बेवारस वस्तू कोणी व किती मोबदल्यात उचलायची, या प्रश्नाला त्यांनी सरळ हात घातला नाही. प्रस्तुत लेखात या प्रतिपादनाचा मागोवा घेतला आहे.

उकिरडा : एक मालमत्ता

‘उकिरडा’ हा शब्द आज तुच्छतेने वापरला जातो. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने मात्र उकिरडा ही घराच्या मालमत्तेतील एक बाब होती. घरामागच्या परसात किंवा गावठाणाच्या कडेला प्रत्येक घराचा उकिरडा स्वतंत्र असे आणि तो कोणाचा हे साऱ्या गावाला ठाऊक असे. गोठ्यातील शेण, मूत्राने भिजलेला पालापाचोळा, जनावरांनी खाऊन उरलेली वैरण, चुलीतील राख, अंगणातील केर, भाजीची देठे हे सर्व त्यात पडे. पावसाळ्यापूर्वी, चैत्र-वैशाखात, खत बैलगाड्यांतून शेतावर नेऊन पसरले जाई. दुसऱ्याच्या उकिरड्यातील पाटीभर खत परस्पर उचलणे ही चोरीच समजली जाई, आणि उकिरड्याच्या हातभर जागेवरून भाऊबंदकीही होई.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. दैन्याची परिसीमा दाखविण्यासाठी म्हणीने उकिरड्याची निवड केली, हे खरे; पण कुणब्याच्या व्यवहारात त्याचा पांग दरवर्षी मृगापूर्वीच फिटत असे. म्हण रचणारा बहुधा शेती करणारा नसावा.

उकिरड्यात काय जात नसे, हेही पाहण्यासारखे आहे. फुटकी तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघत आणि वजनावर कासार-तांबटाकडे जात. मोडलेला फाळ किंवा विळा लोहाराच्या भात्यापाशी परत येई. जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ होई, वाकळ विरली की तिच्या चिंध्या होत. शहराजवळच्या गावांत जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण फिरे. खरकटे जनावरांच्या आंबोणात पडे, राखेने भांडी घासली जात. शेणही सगळे उकिरड्यात पडत नसे; त्याचा मोठा भाग गोवऱ्या थापण्यात जाई. ही सर्व निवड, म्हणजे आजच्या परिभाषेत वर्गीकरण, घरातील स्त्रिया करीत. शेणगोठा, सडासारवण, केरवारा आणि गोवऱ्या हे त्यांच्या दिवसाचे पहिले प्रहर होते. या श्रमाची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, म्हणून तो नव्हताच असे समजण्याचे कारण नाही.

उकिरड्याबाहेरचे

येथवरचे चित्र वाचून ग्रामीण स्वयंपूर्णतेविषयी धन्यता वाटण्याचा संभव आहे. त्यासाठीच पुढची बाजू मांडणे अगत्याचे ठरते. मेलेले जनावर घरधन्याच्या उकिरड्यात जात नसे. ते ओढून गावाबाहेर नेण्याचे काम महारांकडे होते आणि ते वतनाशी, बलुत्याशी जोडलेले होते. म्हणजे शेतकऱ्याला ज्या टाकाऊ वस्तूपासून खत मिळे ती वस्तू त्याची. ज्या वस्तूला शिवणेही नको वाटे, ती मात्र ‘गावाची’ आणि तिचे काम अस्पृश्यांचे. गावाच्या स्वच्छतेतील सार्वजनिक भाग अशा रीतीने जातीच्या आधारे भागविला गेला होता.

मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत मांस व अप्रतिष्ठेची कामे सोडण्याचे आवाहन केले. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात त्यांनी वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ही दोन पावले एकमेकांपासून अलग करून पाहता येत नाहीत. गावची घाण उचलण्याचा करार तुटपुंज्या वतनाने बांधलेला होता. वतनाची बेडी न तोडता घाण नाकारणे कठीण होते. महारांनी हे काम नाकारल्यावर अनेक ठिकाणी त्यांच्यावर बहिष्कार पडले. मृत जनावराचे कातडे, शिंगे, हाडे यांपासून किती उत्पन्न बुडते असा हिशेब मांडणाऱ्या सवर्ण टीकाकारांचा समाचार बाबासाहेबांनी १९५६ मधील नागपूरच्या भाषणातही घेतलेला आढळतो. टाकाऊ वस्तूत संपत्ती असते, हे त्यांना अमान्य नव्हते. ती संपत्ती इतकी मोलाची आहे तर इतरांनी ती का घेऊ नये, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. त्या प्रश्नाला आजही तोड नाही.

१८८९ चा कायदा

मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि तालुका व जिल्हा पातळीवर स्थानिक संस्था आल्या. प्रत्यक्ष गावाच्या स्वच्छतेसाठी स्वतंत्र कायदा झाला तो १८८९ मध्ये. मुंबई ग्रामस्वच्छता कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यान्वये निवडक गावांत सॅनिटरी कमिटी किंवा सॅनिटरी बोर्ड नेमण्याची तरतूद करण्यात आली. पिण्याच्या पाण्याचे रक्षण, रस्त्यावरील घाण आणि उपद्रव यांविषयी नियम करण्याचे अधिकार या मंडळांच्या हाती येणार होते.

या कायद्यामागची दृष्टी शहरातून आलेली होती. कॉलरा आणि हिवतापाच्या अनुभवातून इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनात घाण, दुर्गंधी आणि रोग यांचे समीकरण पक्के झाले होते. त्या चष्म्यातून पाहिले असता विहिरीशेजारचा उकिरडा हा उपद्रवच ठरतो, आणि विहिरीपुरते बोलायचे तर ते चुकीचेही नव्हते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा शिरकाव झाला, १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला, आणि या दृष्टीला सक्तीची जोड मिळाली. परंतु गावकऱ्याच्या लेखी उकिरडा हटविणे म्हणजे खत हटविणे. ज्यांनी नियम अमलात आणायचे ते पाटील व प्रतिष्ठित शेतकरी हेच गावातील मोठ्या उकिरड्यांचे धनी असणार, हे उघड आहे. कायदा बहुतांश गावांत कागदावरच राहिला, याचे एक कारण येथे शोधले पाहिजे. लोकांचे अज्ञान हे सरकारी अहवालांचे आवडते स्पष्टीकरण होते; ते अपुरे वाटते.

याच सुमारास सरकारचे दुसरे खाते नेमका उलट विचार करीत होते. रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांना १८८९ मध्येच भारतीय शेतीच्या पाहणीसाठी पाचारण करण्यात आले; त्यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकरी शेण जाळतो ते अडाणीपणाने नव्हे, जळणाला लाकूड मिळत नाही म्हणून, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्याही आधी, १८८३ मध्ये, महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरील कुजलेला पालापाचोळा आणि मृत जीवजंतूंचे सत्त्व पावसाबरोबर ओढ्यानाल्यांना वाहून जाते, ते अडवून शेतात मुरविण्यासाठी सरकारने ताली-बंधारे घालावेत, असा विचार मांडला होता. गावाबाहेर वाहून जाणारी टाकाऊ वस्तू हा शेतकऱ्याचा तोटा आहे, ही जाण या दोन्ही लेखनांत समान आहे. एकाच राजवटीत आरोग्य खाते ज्याला घाण म्हणत होते, त्यालाच शेतीचे जाणकार धन म्हणत होते.

खड्डा, कंपोस्ट आणि सोनखत

या दोन दृष्टींचा मेळ घालण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात झाले. पंजाबातील गुडगाव जिल्ह्यात एफ. एल. ब्रेन या अधिकाऱ्याने उघडे ढीग बंद करून खोल खड्ड्यांत खत साठविण्याचा धडाका लावला; त्यात हुकमाचा भाग अधिक होता. इंदूरचे काम निराळ्या जातीचे होते. तेथील वनस्पती उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, मूत्र-माती व राख यांचे थर रचून, ओलावा व हवा सांभाळून, ठराविक काळाने ढीग परतून खत करण्याची रीत बसविली. १९३१ च्या त्यांच्या ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासात हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र निघते. वाडांचे मराठीतही क्वचितच निघते. इंदूर पद्धतीने उकिरड्याला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. मात्र ढीग परतण्यासाठी लागणारे मनुष्यबळ लहान शेतकऱ्यापाशी नव्हते, त्यामुळे पद्धत मान्य झाली तरी घरोघरी गेली नाही. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या सच्छिद्र भिंतींची टाकी सुचविली. तिच्यात परतण्याचे श्रम वाचत. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर गेली.

वर्ध्याकडील प्रयोगांत प्रश्न तंत्राचा नव्हता, हात कोणाचे लागणार याचा होता. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाल्यावर गांधीजी व त्यांचे सहकारी वर्ध्यालगतच्या सिंदी गावात सफाईसाठी जाऊ लागले. मैला मातीत पुरून त्याचे सोनखत करावे, असा त्यांचा आग्रह होता. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी हेच व्रत आयुष्यभर चालविले. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे यासाठी त्यांनी सत्याग्रह केला आणि त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनी उपवास आरंभिला. १९४८ मध्ये कणकवलीस स्थापन झालेल्या गोपुरीत त्यांनी सोपा संडास, मृत जनावरांचे विच्छेदन व चर्मकाम यांचे प्रयोग केले. सवर्णाने स्वतः कातडे सोलावे, यात आंबेडकरांच्या प्रश्नाला दिलेले एक प्रामाणिक उत्तर होते, असे म्हणता येईल. पण ते व्रतस्थ व्यक्तीचे उत्तर होते. गावाने ते आपले मानले नाही. संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली, तेव्हा लोक त्यांच्या पायावर डोके ठेवीत आणि खराटा त्यांच्याच हातात ठेवीत.

१९५८ नंतर : दोन नोंदी, एक ढीग

कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा आणि मुंबई ग्रामपंचायत अधिनियम हे दोन्ही १९५८ चे आहेत आणि दोन्हींचा अंमल १९५९ मध्ये सुरू झाला. यातील योगायोग लक्षणीय आहे. एका कायद्याने गावाची घाण उचलणाऱ्या वतनी सेवेचा आधार कायदेशीररीत्या संपविला. दुसऱ्याने स्वच्छतेची जबाबदारी ग्रामपंचायतीवर टाकली. मात्र वतनी माणसाच्या जागी पगारी माणूस नेमण्याइतके उत्पन्न पंचायतीला असेल का, हा विचार दोन्हींत नाही.

१९५८ च्या अधिनियमाला जोडलेल्या ग्रामसूचीत खताच्या साधनांचे जतन, मिश्रखत तयार करणे व त्याची विक्री ही बाब शेतीच्या सदरात आहे. स्वच्छता, मलनिस्सारण आणि उपद्रव-निवारण ही बाब आरोग्याच्या सदरात. १८८९ पासून चालत आलेली दुही येथे एकाच कायद्यात दोन नोंदी होऊन बसली. ढीग मात्र एकच होता.

पुढील दोन दशकांत या ढिगाचे मोल घसरले. ट्रॉम्बे येथील खत कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. ‘सुफला’ची पोती गावोगावच्या सोसायट्यांत पोहोचली. शेणखताच्या पंधरा-वीस गाड्यांऐवजी चार पोती बैलगाडीच्या एका फेरीत येऊ लागली. कालांतराने ट्रॅक्टर आला, बैलजोड्या कमी झाल्या, गोठे आटले. गोबर गॅसने काही घरांत शेणाला नवे काम दिले, पण गोठाच नसलेल्या घराला त्याचा उपयोग नव्हता. उकिरड्याचा धनी हळूहळू उदासीन झाला.

आणि याच वेळी ढिगात न कुजणाऱ्या वस्तू येऊ लागल्या. दुधाच्या व शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पिशव्या, खताची व बियाण्यांची प्लास्टिक वेष्टने, कीटकनाशकांचे डबे, ठिबकच्या जीर्ण नळ्या. यांतील जाड प्लास्टिक व लोखंड भंगारवाला नेतो. पुडीला त्याच्याकडे किंमत नाही. ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्गात ‘तुमचा उकिरडा कोठे?’ असे विचारले की जुन्या शेतकरी घरांतील मुले नेमकी जागा सांगतात. ‘घरातले प्लास्टिक कोठे जाते?’ याचे उत्तर मात्र ‘ओढ्याला’ किंवा ‘जाळतो’ असे येते. पहिल्या उत्तरात पत्ता आहे, दुसऱ्यात नाही. प्लास्टिकमिश्रित खत शेतात टाकले तर ते वर्षानुवर्षे नांगराला लागत राहते, त्यामुळे उरलेसुरले उकिरडेही खतासाठी निरुपयोगी होत गेले. शतकभर आरोग्य खात्याला जे साधले नाही ते पुडीने केले.

कायद्यातील रिकामी जागा

१९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिका यांना घटनात्मक स्थान दिले. त्यांच्या विषयसूची शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता यांबरोबर घनकचरा व्यवस्थापन हा शब्द स्पष्टपणे आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य व स्वच्छता आहे, घनकचरा नाही. खेड्यात घनकचरा नसतो, हे गृहीतक घटनादुरुस्तीच्या मसुद्यातच शिरले, असा याचा अर्थ लावणे प्रस्तुत लेखकास सयुक्तिक वाटते. त्यानंतरचे २००० सालचे घनकचरा नियम केवळ नागरी संस्थांसाठी होते. २०१६ च्या नियमांनी व्याप्ती वाढविली, तीही प्रामुख्याने जनगणना शहरे आणि नागरी समूहांतील पंचायतींपर्यंत. सर्वसाधारण खेडे पुन्हा बाहेर राहिले. त्याच वर्षीच्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत मात्र ग्रामपंचायतींवर जबाबदारी आली, म्हणजे ढिगातील सर्वांत अवघड वस्तू तेवढी गावाच्या पदरात पडली. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली. पाकीटबंद मालाच्या पुड्या गावच्या टपरीवर लटकतच राहिल्या.

या काळात खेड्याची दुसरी एक भूमिका नकळत पक्की झाली. शहराला कचरा व्यवस्थापनाचे नियम लागू होते, पण जागा नव्हती. खेड्याला नियम नव्हते, पण जागा होती. पुण्याचा कचरा १९९० च्या दशकापासून उरुळी देवाची व फुरसुंगीच्या हद्दीत जाऊ लागला, आणि तेथील विहिरींचे पाणी बिघडल्याची तक्रार घेऊन ग्रामस्थांना वर्षानुवर्षे गाड्या अडवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये तत्कालीन औरंगाबाद शहरालगतच्या नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी गाड्या रोखल्या, तेव्हा शहरात कित्येक आठवडे कचरा साचला. कचरा कोणाच्या दारात टाकायचा हा प्रश्न जातीकडून भूगोलाकडे सरकला, इतकाच फरक.

राज्यापुरते सांगायचे तर २०००-०१ मध्ये ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. स्पर्धा आणि बक्षिसे यांमुळे गावे झाडली गेली, शौचालये बांधली गेली. लोकसहभागाचा तो विलक्षण काळ होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु स्पर्धेच्या पाहणीचा दिवस हा त्या स्वच्छतेचा मानबिंदू होता. उकिरडे गावाबाहेर हलविणे म्हणजे स्वच्छता, ही १८८९ ची कल्पना तीत नव्या उत्साहाने वावरत होती. शौचालयांवरील भर २०१४ च्या स्वच्छ भारत अभियानातही कायम राहिला.

घनकचऱ्याला स्वतंत्र निधी मिळाला तो या अभियानाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या ग्रामीण टप्प्यात. पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावास दरडोई ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावास दरडोई ४५ रुपये, असे घनकचऱ्याच्या कामांचे प्रमाण ठरविण्यात आले. दीड हजार वस्तीच्या गावाच्या वाट्याला या हिशेबाने ९० हजार रुपये येतात. यातून खतखड्डे, नाडेप टाकी, एखादी ढकलगाडी किंवा कचरा साठविण्याची शेड उभी राहू शकते. ही रक्कम उभारणीची आहे. गाडी रोज ढकलणाऱ्या माणसाचे वेतन वित्त आयोगाच्या बंधित निधीतून किंवा घरपट्टीतून निघावे, अशी अपेक्षा असते; आणि घरपट्टीची वसुली ज्या गावात निम्म्यावर अडते, तेथे ढकलगाडी पंचायतीच्या भिंतीला टेकून उभी राहते. काही ठिकाणी हे काम बचत गटांच्या महिलांकडे दिले जाते. घरात ओला-सुका वेगळा करणारी स्त्री, आणि दारोदार फिरून तो गोळा करणारीही स्त्री. पहिलीला मोबदला नाही, दुसरीचा ठरलेला नाही. सुक्या कचऱ्यातून विकला जाईल तो त्यांचा, असे तोंडी सांगितले जाते. पुडीला भंगारात भाव नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते.